चूक कोणाच्या टेबलावर?

पायथन या संगणकभाषेची ३.१४ ही आवृत्ती ७ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. २०२० पासून दर ऑक्टोबरात अशी एक आवृत्ती काढण्याचा प्रघात पडला आहे. आवृत्ती निघते, तिच्याबरोबर नव्या सोयींची लांबलचक यादी निघते, जाणकार मंडळी आठ-पंधरा दिवस त्या यादीवर वाद घालतात आणि बाकीचे जग आपापल्या कामाला लागते. पण केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात जी भाषा शिकवली जाते, आणि प्रयोगशाळांपासून कचेऱ्यांतील हिशेबापर्यंत जिच्यात रोज नव्या आज्ञावल्या लिहिल्या जातात, तिच्यातील बदल ही केवळ तज्ज्ञांची बाब राहिलेली नाही. या याद्या वाचताना सोयी किती वाढल्या एवढेच मोजले जाते. चूक झालीच तर नव्या आवृत्तीत ती कोणाच्या टेबलावर येऊन पडणार, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

माणसांच्या भाषेतही नियम बदलतात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम १९६२ साली राज्य शासनाने स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लिखाणातून गेले. त्यावर वाद झाले, जुन्या पिढीतील कित्येकांनी अखेरपर्यंत आपले अनुस्वार सोडले नाहीत. पण त्यामुळे कोणतेही पुस्तक वाचायचे थांबले नाही. जुन्या छापाच्या कादंबरीतील ‘नाहीं’ आणि ‘घरें’ आजचा विद्यार्थी किंचित हसून वाचतो आणि पुढे जातो. वाचणारा माणूस असला की तो सांभाळून घेतो. संगणकाला सांभाळून घेणे ठाऊक नाही. त्याच्या भाषेत एका कंसाचा नियम बदलला तर जुनी आज्ञावली पहिल्याच ओळीत बंद पडते; आणि त्याहून वाईट म्हणजे कधी कधी ती बंद न पडता निराळेच उत्तर देते. म्हणूनच संगणकभाषेच्या कर्त्यांवरील जबाबदारी व्याकरणकारांपेक्षा अधिक जड आहे.

पायथनचा जनक गुइडो व्हान रॉसम हा डच गणिती. ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकविज्ञान संस्थेत असताना १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्याने या भाषेला हात घातला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती लोकांपुढे आली. (नावाचा अजगराशी संबंध नाही, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून ते घेतलेले आहे.) वाचायला सोपी, शिकायला सोपी अशी तिची ख्याती झाली. परंतु पहिल्या दशकात घेतलेले काही निर्णय पुढे जड जाऊ लागले, आणि ते दुरुस्त करायचे तर जुन्या आज्ञावल्यांशी फारकत घ्यावी लागणार होती. ३ डिसेंबर २००८ रोजी निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही फारकत घेतली, तीही उघडपणे आणि जाणूनबुजून. त्या एका निर्णयाचे परिणाम निस्तरायला पुढची अकरा-बारा वर्षे गेली. नव्या आवृत्तीचे मूल्य कसे ठरवावे याचा त्यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही.

त्यातील भागाकाराचे उदाहरण शिक्षकांना चटकन पटेल. एका विद्यार्थ्याला तीन विषयांत ६१, ७० आणि ७२ गुण मिळाले. बेरीज २०३. तिला तीनने भागले तर सरासरी ६७.६७ यायला हवी. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर येई ६७! पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक टाकून द्यायचा, ही रीत तिने जुन्या भाषांकडून उचलली होती. त्यात मौज अशी की तिन्हींपैकी एक आकडा कोणी ६१.० असा भरला, तर तेच सूत्र बरोबर उत्तर देई. म्हणजे गणित सूत्रावर अवलंबून न राहता आकडा भरणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहिले. तिसऱ्या आवृत्तीने साधे भागाकाराचे चिन्ह खऱ्या भागाकाराला दिले आणि अपूर्णांक टाकणाऱ्या भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचे वेगळे चिन्ह ठेवले. हे वेगळे चिन्ह २००१ सालच्या २.२ या आवृत्तीतच आले होते आणि ‘फ्यूचर’ नावाच्या कप्प्यातून नवी रीत आधीच मागवून घेण्याची सोयही तेव्हापासून होती. सात वर्षांची पूर्वसूचना देऊन केलेल्या अशा बदलाला दोष देता येत नाही.

संख्या पूर्ण करण्याच्या, म्हणजे ‘राउंड’ करण्याच्या, नियमाविषयी मात्र असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत ३४.५ चे ३५ होत. तिसऱ्या आवृत्तीत ३४ होतात. नवा नियम असा की बरोबर अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जायचे: ३५.५ चे ३६ होतात, पण ३४.५ चे ३४. या नियमामागे शास्त्र आहे. अर्ध्याला नेहमी वरच चढवले तर हजारो आकड्यांच्या बेरजेत फुगवटा येतो. समाकडे नेले तर तो बराचसा फिटतो. संख्याशास्त्रज्ञाला हे योग्यच वाटेल. परंतु जेथे पस्तीसला उत्तीर्ण धरतात आणि अर्धा गुण वर चढवण्याची रीत आहे, तेथे गुणपत्रके करणारी जुनी आज्ञावली कोणी नव्या आवृत्तीत उचलून ठेवली तर काय होईल? आज्ञावली बंद पडणार नाही. पडद्यावर तांबडी ओळ उमटणार नाही. जुनी आज्ञावली नव्या रूपात घालून देणारे जे साधन भाषेबरोबर दिले होते, ते ‘प्रिंट’ला कंस लावून देई, या अर्ध्या गुणाकडे ते बघतही नसे. बदलाच्या यादीत त्याची नोंद होती हे खरे. पण ती यादी गुणपत्रक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाने वाचायची नसते. ‘प्रिंट’ला कंस लागू लागले म्हणून जगभर जेवढा आरडाओरडा झाला, त्याच्या शतांशानेही तो या बदलावर झाला नाही, कारण कंसाची चूक ओरडून सांगते आणि अर्ध्या गुणाची चूक गप्प बसते. भाषेच्या कर्त्यांनी भ्यायला हवे ते या गप्प बसणाऱ्या बदलांना.

आता ज्या बदलासाठी खरे तर एवढा संसार मोडला, त्याकडे वळले पाहिजे. तो बदल लिपीचा होता आणि मराठी वाचकाशी त्याचा संबंध थेट आहे. संगणक अक्षरे जाणत नाही, आकडे जाणतो. अमेरिकेत रूढ झालेल्या जुन्या कोष्टकात १२८ आकडे होते. त्यात इंग्रजी वर्णमाला, अंक आणि विरामचिन्हे बसली की काम भागे. देवनागरीला त्यात जागा नव्हती. त्यामुळे आपल्याकडे एका कचेरीत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीतील यंत्रावर उघडला की निव्वळ कचरा दिसे, हा अनुभव ज्या कारकुनांनी घेतला आहे त्यांना तो सांगायला नको. १९९१ पासून पुढे आलेल्या युनिकोड या जागतिक कोष्टकाने प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला, आणि देवनागरीची मांडणी करताना भारतीय मानकाचाच आधार घेतला.

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिकोडला घरात घेतले, पण पाहुण्यासारखे. साधा मजकूर म्हणजे नुसत्या बाइट्सची माळ आणि युनिकोड मजकूर म्हणजे वेगळा प्रकार, असे दोन संसार एकाच घरात चालू राहिले. दोन्हींची गाठ पडली की भाषा मुकाट्याने असे गृहीत धरी की मजकूर इंग्रजीच असणार. गृहीत खरे ठरे तोवर सारे सुरळीत. लंडन-न्यूयॉर्कच्या नावांवर तपासून घेतलेली आज्ञावली वर्षभर बिनतक्रार चाले, आणि एके दिवशी यादीत पहिले देवनागरी नाव आले की कोसळे. कोसळली नाही तर आणखी पंचाईत. ‘मराठी’ हा शब्द साठवायला रूढ पद्धतीत पंधरा बाइट लागतात. रकाना दहा बाइटांचा असला तर तीन चिन्हे पुरी होऊन चौथ्याचा एक तुकडा उरे, आणि छापील पावतीवर नावाच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह किंवा चौकोन उमटे. ज्याने आज्ञावली लिहिली त्याला हे कधी दिसलेच नाही, कारण त्याचे स्वतःचे नाव त्या १२८ चिन्हांत बसत होते. चूक दिसली ती खिडकीवर बसलेल्या कारकुनाला, आणि तिची लाज वाटली ती ज्याचे नाव तुटले त्याला.

तिसऱ्या आवृत्तीने हा दुटप्पीपणा मोडला. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट. एकातून दुसऱ्यात जायचे तर कोणत्या रीतीने हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि दोन्ही न सांगता मिसळले तर भाषा ती आज्ञावली तत्काळ थांबवील. आज्ञावलीकारांना हा छळ वाटला. काल चालत होते ते आज का चालत नाही, असा सवाल इंग्रजीभाषक जगातून सर्वांत मोठ्याने झाला, आणि तो स्वाभाविकही होता. कारण काल त्यांचे खरोखरच चालत होते. ज्याला रोग नव्हता त्याला औषधाचे पैसे भरायला लावले, अशी ती तक्रार होती. पण त्या बदलाचा खरा अर्थ एवढाच होता की खिडकीवरची चूक बहुतांशी आज्ञावलीकाराच्या टेबलावर हलवली गेली. ती तेथेच असायला हवी होती. दुरुस्त करण्याचे ज्ञान, अधिकार आणि पगार ही तिन्ही त्याच टेबलावर आहेत. तिसऱ्या आवृत्तीने आणखी एक मुभा दिली: आज्ञावलीतील नावे कोणत्याही लिपीत ठेवता येऊ लागली. ‘बेरीज’ या नावाच्या कप्प्यात बेरीज ठेवणारी आज्ञावली आज निर्वेधपणे चालते. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहिले, तरी शिकणाऱ्याला आपल्या शब्दांत विचार मांडायला जागा झाली.

याचा अर्थ काम पुरे झाले असा नव्हे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन आता पंधराऐवजी पाच सांगते: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. पहिलीतला मुलगा तीन सांगेल, आणि तो बरोबर आहे. शब्द उलटा करायला सांगितला तर वेलांटी ‘ठ’ला सोडून एकटीच पुढे येऊन उभी राहते. एखाद्या शब्दात सगळी अक्षरेच आहेत ना, असे विचारण्याची सोय भाषेत आहे. ‘नमन’बद्दल ती होकार देते आणि ‘मराठी’बद्दल नकार, कारण तिच्या लेखी काना-वेलांटी ही अक्षरे नव्हेतच. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे चालतील अशी अट घालताना ही सोय कोणी वापरली, तर ‘मदन’ला प्रवेश मिळेल आणि ‘सुनीता’ बाहेर राहील. ३.१४ मध्येही हे तसेच आहे. दरवर्षीच्या यादीत अशा दुरुस्त्यांचा क्रमांक सहसा लागत नाही, कारण त्या मागणारे मोठ्याने मागत नाहीत.

फारकतीची किंमत मात्र कर्त्यांच्या अंदाजापेक्षा फार मोठी निघाली. दुसऱ्या आवृत्तीला २०१५ मध्ये निरोप द्यायचे ठरले होते; ती मुदत २०२० च्या १ जानेवारीपर्यंत वाढवावी लागली. या काळात कर्त्यांनी थोडा ताठा सोडला, हे त्यांच्या बाजूने नोंदले पाहिजे. युनिकोड मजकुरापुढे लावण्याचे एक जुने अक्षर त्यांनी निरर्थक म्हणून काढून टाकले होते. त्याच्या अभावी दोन्ही आवृत्त्यांत चालणारी आज्ञावली लिहिणे अवघड होते असे दिसताच २०१२ च्या ३.३ मध्ये ते त्यांनी परत आणले. त्याने भाषेला काही नवे मिळाले नाही, पण दोन घरांमधली पायवाट मोकळी झाली आणि लोक चालू लागले. याच काळात पर्ल या दुसऱ्या लोकप्रिय भाषेची काय गत झाली तेही पाहण्यासारखे आहे. तिच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० साली झाली, ती अवतरली २०१५ च्या नाताळात, आणि २०१९ मध्ये तिला ‘राकू’ हे वेगळेच नाव घ्यावे लागले. तोवर बहुतेकांनी वाट पाहणे सोडून दिले होते. गो या भाषेने २०१२ मध्येच वचन दिले की पहिल्या आवृत्तीत लिहिलेले पुढेही चालेल. २०२४ मध्ये आवर्तनाच्या नियमात बदल करताना त्यांनी तो फक्त नव्या आवृत्तीचा क्रमांक स्वतःहून लिहिणाऱ्या आज्ञावल्यांपुरता ठेवला. जुन्यांचा अर्थ जुनाच राहिला. ‘राउंड’च्या बाबतीत पायथनला हे सुचते तर बरे झाले असते.

भाषेत भर घालणे हेही बिनखर्चाचे नसते. २०१८ मध्ये एका ओळीतच नाव देण्याचे आणि तपासण्याचे काम करणारे एक दोन-टिंबी चिन्ह घ्यावे की नाही यावर पायथनच्या मंडळींत इतके रण माजले, की ते मंजूर करून स्वतः व्हान रॉसमने जुलै महिन्यात ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ हे अर्धे गमतीचे पद सोडले. त्यानंतर भाषेचा कारभार पाच जणांच्या निवडून दिलेल्या समितीकडे गेला. एकाच मालकाचे दोनहून अधिक नोकर तिच्यात बसू नयेत असा नियम आहे; पुष्कळ सार्वजनिक संस्थांनी तो आपल्या घटनेत घालून घ्यावा असा आहे.

या पार्श्वभूमीवर ३.१४ ची यादी वाचली की तिचा सूर बदललेला जाणवतो. यातील सर्वांत मोठी गोष्ट एका कुलपाची आहे. संगणकात आज आठ-आठ, सोळा-सोळा गणक एकत्र काम करतात. पण पायथनच्या एका आज्ञावलीतील अनेक धागे एकाच वेळी खऱ्या अर्थाने चालू शकत नसत, कारण सर्वांना मिळून एकच कुलूप होते. आठ कारकून आणि शिक्का एकच, असा तो प्रकार. हे कुलूप काढण्याची मागणी अनेक वर्षांची. २००८ च्या उत्साहात ते एका झटक्यात काढले गेले असते आणि त्या कुलपाच्या भरवशावर उभ्या असलेल्या असंख्य आज्ञावल्या केव्हातरी, कोठेतरी, सांगता न येण्यासारख्या रीतीने चुकल्या असत्या. यावेळी तसे केले नाही. २०२४ च्या ३.१३ मध्ये कुलूप नसलेली घडण प्रयोग म्हणून दिली. ३.१४ मध्ये ती अधिकृत झाली, पण ऐच्छिक. मागेल त्याने ती वेगळी घ्यावी. न मागणाऱ्याला नेहमीची कुलूपवालीच मिळेल. एका धाग्याच्या कामात नव्या घडणीचा वेग पाच ते दहा टक्क्यांनी कमी पडतो, हेही लपवून ठेवलेले नाही. सावध माणसे अशी वागतात.

दुसरी गोष्ट साच्याच्या मजकुराची. अर्जदाराने भरलेले नाव जसेच्या तसे आज्ञेच्या वाक्यात ओतले आणि नावाच्या जागी त्याने घातक आज्ञाच लिहिली असेल, तर सगळी नोंदवही धुऊन निघू शकते; संगणकावरील चोऱ्यांचा हा जुना मार्ग आहे. ३.१४ मधील नव्या साच्यात भरलेला भाग आणि मूळ वाक्य शेवटपर्यंत वेगळे ठेवता येतात, म्हणजे ओतण्यापूर्वी तपासता येतात. येथेही चूक खिडकीवरून मागे, लिहिणाऱ्याच्या टेबलावर सरकते. मजकूर आवळून ठेवण्याची नवी पद्धत, प्रकारांच्या टिपांचा उशिराने विचार करण्याची सोय, या गोष्टी त्या त्या विषयातील लोकांना उपयोगाच्या आहेत. इतरांनी त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल यादीत तळाशी सापडतो. २०२१ च्या ३.१० पासून चुकीचे संदेश सुधारण्याचे काम चालू आहे. पूर्वी ‘वाक्यरचना चुकली’ एवढेच ऐकवून भाषा गप्प बसे. आता नेमका कोणता कंस उघडा राहिला ते ती दाखवते आणि ३.१४ मध्ये चुकीचा लिहिलेला मूळ शब्दही ओळखून ‘तुम्हांला हे म्हणायचे होते काय’ असे विचारते. विचारते अर्थात इंग्रजीत. तरीही ज्या वर्गात एका शिक्षकाला साठ मुले पाहायची असतात, तेथे ही सुधारणा त्या कुलपापेक्षा अधिक उपयोगी पडेल. अट एवढीच की वर्गातील यंत्रावर नवी आवृत्ती असली पाहिजे. प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, ३.९ ची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरातच संपली. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनी सी++ शिकवताना नव्वदीच्या आरंभीचे निळ्या पडद्याचे साधन वीस-पंचवीस वर्षे जपले आणि विद्यार्थ्यांनी जे पाठ केले ते बाहेर कोणीच ओळखेना, हा इतिहास फार जुना नाही. पायथनच्या बाबतीत पाठ्यपुस्तकाच्या आणि प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक ठळक छापणे, आणि परीक्षकाने तोच क्रमांक प्रमाण मानणे, एवढे केले तरी कंस नसलेल्या ‘प्रिंट’च्या जुन्या उत्तरांवरून होणारे निम्मे घोटाळे टळतील.

लिपीच्या कामातील एक मोठा तुकडा अजून उरलेला होता. पायथनमधून फाइल उघडताना तिची लिपीरीत सांगितली नाही, तर भाषा ती त्या यंत्राच्या सवयीवर सोडून देई. विंडोज यंत्रांवर ही सवय पुष्कळदा जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाची असते. त्यामुळे विद्यार्थ्याने मराठी ओळ लिहून फाइलमध्ये ठेवायला गेल्यावर आज्ञावली कोसळते, आणि तीच आज्ञावली लिनक्सवर बिनबोभाट चालते. आपले काय चुकले हे त्याला कळत नाही, कारण त्याचे काही चुकलेलेच नसते. न सांगता उघडलेली फाइल सर्व यंत्रांवर युनिकोडच्या रूढ रीतीनेच उघडावी, असा बदल ३.१५ या आवृत्तीसाठी मंजूर झाला आहे. ज्या जुन्या फाइली निराळ्या कोष्टकात आहेत, त्यांच्या मालकांना यापुढे तसे स्पष्ट लिहावे लागेल. हा जाच आता त्यांच्या वाट्याला येईल, आणि ‘सुनीता’चे नाव लिहिणाऱ्या मुलीला काहीच लिहावे लागणार नाही.